कानशीची खूण

प्रिय याव,

हे वाचण्याआधी पाकीट बघ. त्याचं तोंड मी गॅस्केटला लावायच्या काळ्या लेपाने बंद केलं आहे आणि लेप ओला असतानाच त्यावर माझा अंगठा दाबला आहे. ठसा मोडलेला दिसला तर बसवाल्याने पत्र उघडलं असं समज आणि त्याच्याकडे उत्तर देऊ नकोस. तुझ्या ताकोराडीला येणारा हा ड्रायव्हर मला बरा वाटत नाही. पाकीट घेताना उगीच हसला. "म्हातारबा, प्रेमपत्र का?" म्हणाला. आत काय आहे याची ज्याला पर्वा नसते तो माणूस असं विचारत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. माझे कान गेले हे तुझ्या आईने तुला सांगितलंच असेल. तिने, आमच्या अबेनाने, ते आणखी कुणाकुणाला सांगितलंय ते देवालाच ठाऊक. दवाखान्यातली पोरगी म्हणते की चाळीस वर्षं ग्राइंडर आणि हातोडी, म्हणून गेले. थेंब दिलेत. थेंबांनी कान आणखी बुजल्यासारखे वाटतात. फोनवर मी ओरडतो, मग सगळी मॅगझिन, गॅरेजांची अख्खी वस्ती, ऐकते आणि मलाच तेवढं ऐकू येत नाही. हल्ली माझ्याभोवती सगळे हळू बोलायला लागलेत. तुझी मामी आकोसुआ म्हणते, "अहो, कोणी हळू बोलत नाही, तुम्हालाच येत नाही ऐकायला." असेल. पण लोक हळू बोलायचं ठरवतील तर तेही मला असंच दिसेल ना? पत्र लिहून देणाऱ्या कारकुनाकडेही गेलो नाही. तो लिहितो एक आणि वाचून दाखवतो दुसरं. मी सहावीत शाळा सोडली तरी अक्षराला अक्षर जोडता येतं. या चार कागदांना पाच दिवस लागलेत. हसू नकोस.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घराण्याचे वडीलधारे नाना बादू यांच्या अंगणात बैठक आहे. माझं दुकान कोणाकडे जाणार ते ठरायचं आहे. माझ्या पोरांचा त्यात हक्क नाही, आणि ती धुसफुसतही नाहीत, कारण त्यांना त्यांच्या मामाचं मिळेल. आपल्या रीतीप्रमाणे दुकान बहिणींच्या पोरांकडे जायचं. म्हणजे तू, नाहीतर क्वार्तेंग. कागदावर असं दिसतं. खरं तर तुझं नाव सहा वर्षांपूर्वीच मागे पडलं. ज्याच्या हातून पोकुआबाईच्या लॉरीच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला त्याच्या हाती दुकान द्यायचं कसं, असं सगळे म्हणतात, आणि मी तिथे मान हलवत बसतो. एकदा नाना बादूंनी भूमीवर दारू शिंपडून नाव उच्चारलं की मग कोणी रडलं तरी ते बदलत नाही. त्यांनी तुला निरोपही पाठवलेला नाही. मला विचारलं होतं, पाठवायचा का. मी म्हटलं, त्याला कशाला त्रास.

क्वार्तेंग आतापासूनच टेप घेऊन फिरतो. गेल्या आठवड्यात त्याने दरवाजाची रुंदी मोजली, मग भट्टीच्या खड्ड्याची. मी विचारलं, खड्डा कशाला मोजतोस? तर म्हणतो, "मामा, यावर फरशी घालू या. तडा गेलेलं जोडत बसायचे दिवस गेले. परदेशातून अख्खी इंजिनं जहाज भरभरून येतायत. जुनं काढलं, दुसरं टाकलं, माणूस संध्याकाळी घरी." पोरगा वाईट नाही. पण तो मला सारखा "बसा मामा, बसा" म्हणतो. मला उठू द्यायचं नाही म्हणून म्हणत असेल. आणि मी कुठे बसतो ते तुला माहीत नसेल. पोकुआबाईच्या त्या ब्लॉकवर बसतो. दुकानाच्या दाराशी आडवा ठेवलाय, वर पोतं टाकलंय. सहा वर्षांत ते पोतं मी तीनदा बदललं, ब्लॉक हलवला नाही. आता क्वार्तेंग म्हणतो की येत्या शनिवारी भंगारवाला येतोय, हा काढून टाकू. दुकानात एवढं भंगार पडलंय, त्याला हाच कसा दिसला? दोन दिवस मी याच विचारात होतो. मला वाटलं, तू त्याला काही कळवलंस की काय.

असो. तुला एक विचारायचं आहे, पण ते विचारण्याआधी सहा वर्षांपूर्वीचा तो शनिवार पुन्हा आठवायला हवा. तुझ्या आठवणीत आणि माझ्या आठवणीत फरक असेल तर उत्तरात लिही.

पोकुआबाईची लॉरी टेचिमानहून सुरण भरून येताना घाटात तापली. पाणी संपलेलं. ड्रायव्हरने उकळत्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी ओतलं आणि बिडाला तडा गेला, दोन सिलिंडरांच्या मधल्या पाण्याच्या वाटेला, वीतभर लांबीचा. लॉरीच्या कपाळावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'माणसांपासून सांभाळा'. बाईने स्वतः दोर लावून लॉरी ओढत आणली आणि दुकानात शिरताच म्हणाली, "मास्तर, हा माझा नवरा, हाच माझा मुलगा आणि हाच माझा म्हातारपणीचा भात. मारू नका त्याला." मी म्हटलं, माझा भाचा करेल. तू तेव्हा अकरा वर्षं माझ्या हाताखाली होतास आणि अख्खा ब्लॉक एकट्याने कधी केला नव्हतास. माझे गुडघे धरले होते हे खरं. पण लोकांसमोर तुझ्यावर भरवसा दाखवायची मला हौसही होती, तेही खरं.

मी तुला वेल्डिंगचे निकेलचे अकरा रॉड मोजून दिले. तू तड्याच्या दोन्ही टोकांना भोकं पाडलीस म्हणजे तो पुढे पळू नये, मग ग्राइंडरने तडा वरपासून खालपर्यंत उघडलास. खड्ड्यात कोळसा पेटवून ब्लॉक तापवलास, त्याच्यावर थुंकी टाकली की नाचेल इतका. मग ओलं पोतं अंगावर घेऊन वाकलास. बोटाच्या पेराएवढा टाका, लगेच हातोडीने टिपून घ्यायचा, थांबायचं, मग दुसऱ्या टोकाला पुढचा. मी बाकावरून बघत होतो. काम बरोबर चाललं होतं. दुपारी मी जेवायला वळलो आणि हात धुताना मान वर केली तर तू गल्लीच्या टोकाला रॉडवाल्यापाशी उभा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांब काहीतरी तुमच्या दोघांच्या मधे होतं. तू खिशात हात घातलास. इतक्या लांबून माणूस पैसे खिशात ठेवतोय की काढतोय ते दिसत नाही. पण मी ठरवलं की ठेवतो आहेस. माझे निकेलचे रॉड त्याला विकतो आहेस आणि पोकुआबाईच्या ब्लॉकमध्ये साधे लोखंडी भरणार आहेस.

तुला मी तोंडावर विचारलं नाही. हा माझा जुना रोग आहे. तोंडावर विचारलं की समोरचा उत्तर देतो आणि मग विषय संपतो. संध्याकाळी ब्लॉक हळूहळू गार व्हावा म्हणून तू त्याच्यावर चाळलेल्या राखेचा थर घातलास, वर लाकडाचा भुसा, वर पुन्हा राख, वर पत्रा. घाईने गार झालेलं बीड टिंग वाजून तडकतं, म्हणून उकिडवा बसून दोन तास कान लावून ऐकत राहिलास. निघताना म्हणालास, "मामा, एकदाही वाजला नाही. मंगळवारपर्यंत कोणी हात लावू नका." मी म्हटलं, "मला शिकवतोस? ही राख मी तुझ्या जन्माआधीपासून घालतोय."

मंगळवारी काय झालं ते तुला सांगायला नको, पण माझ्या डोळ्यांनी दिसलं ते सांगतो. गल्लीतले दहा-बारा जण जमले होते. रेडिएटरवाला बोसोम्पेम स्टूल घेऊन आला होता, फुकटचा तमाशा तो सोडतो कधी? पोकुआबाईने देवाचं नाव घेतलं. तू पत्रा उचललास आणि थांबलास. म्हणालास, "मामा, राख कोणीतरी हलवली आहे. थर मिसळलेत." मी म्हटलं, "बोसोम्पेमच्या कोंबड्या असतील." कोंबड्या तिथे उकरायच्याच, हे सगळ्यांना माहीत होतं. मग तू राख काढलीस. तुझा टाका जसाच्या तसा होता, एक केसभर चीर नाही. त्याच्या शेजारून, तिथे आधी काहीच नव्हतं तिथून, नवा तडा निघाला होता आणि खाली थेट क्रँकच्या बैठकीत उतरला होता. तिथला तडा कोणीच जोडत नाही. पोकुआबाई तुला म्हणाली, "पोरा, घाटातल्या गड्याने त्याला अर्धा मारला होता. उरलेला तू मारलास." आणि बोसोम्पेम ओरडला, "अरे त्याने नाही, कोंबडीने! कोंबडीने ब्लॉक फोडला!" सगळे हसले. मीही तोंड वाकडं केलं, ते हसण्यासारखंच दिसलं असेल. तू म्हणालास, "मी ऐकलं होतं, तो वाजला नव्हता." आणि मी, तुझा मामा, चारचौघांत म्हणालो, "कान घरी विसरून आला होतास का?"

ते वाक्य हल्ली मला रोज आठवतं. माझेच कान गेले म्हणून नव्हे. आठवतं, एवढंच.

त्या दिवसापासून तुला गल्लीत 'टिंग' म्हणायला लागले. तू जेवायला मक्याचं केंके आणायला गेलास तरी दोन्ही बाजूंनी "टिंग! टिंग!" दहाव्या दिवशी तू माझ्या दारात आलास. माफी मागायला एकट्याने जायचं नसतं म्हणून नाना बादूंना पुढे घातलं होतंस. ताटलीत सहा अंडी, काखेत श्नॅप्स दारूची बाटली. तू गुडघ्यावर आलास आणि म्हणालास, "मामा, माझ्यामुळे तुमचं नाव खाली गेलं." मी लगेच हो म्हटलं नाही. नाना बादूंना दोनदा म्हणावं लागलं, "अजेकुम, पोरगं वाकलंय, आता सोड." मग मी बाटली घेतली. आकोसुआने अंडी पाम तेलात केली. मी त्यातली दोन खाल्ली, याव. तू समोर बसला होतास. महिन्याभरात तू ताकोराडीला गेलास, होड्यांची इंजिनं करायला. जाताना माझ्या पाया पडलास, पण डोळ्याला डोळा दिला नाहीस. मला वाटलं, गुन्हेगार आहे म्हणून.

आता नवं सांगतो. क्वार्तेंगला माप घेता यावं म्हणून मी ग्राइंडरमागची फळी रिकामी केली. तिथे, भिंतीला लागून, दुधाच्या पावडरचा एक डबा निघाला. आत रॉडची थोटकं, तारेने बांधलेली, आणि तारेत पत्र्याचा तुकडा, त्यावर खिळ्याने कोरलेला पोकुआबाईच्या लॉरीचा नंबर. मीच तुला शिकवलं होतं की इंजिन चालू होऊन निघेपर्यंत थोटकं टाकायची नाहीत. मालक भांडायला आला तर दाखवता येतात. मी दार लावून ती मोजली. मला वाटलं होतं, दोन निघतील, नाहीतर तीन. तेरा निघाली. पुन्हा मोजली. तेरा. मी अकरा दिले होते. दोनांवरचा मसाल्याचा लेप जरा हिरवट होता, माझ्या पेटीतला नव्हे. मी ती दोन हातात धरून बसलो आणि तेव्हा मला ते वर्तमानपत्र दिसलं आणि तुझा खिशातला हात दिसला. तू पैसे काढत होतास. रॉड कमी पडले म्हणून तू स्वतःच्या खिशातून दोन आणलेस. माझ्याकडे का मागितले नाहीस? मागितले असतेस तर मी काय म्हटलं असतं ते तुला माहीत होतं. म्हटलं असतं, अकरा कुठे घातलेस?

तरीही मनाने सरळ मानलं नाही. संध्याकाळपर्यंत मला असंही वाटून गेलं की हा डबा तू मागाहून आणून ठेवला असशील, माझी खोड मोडायला. बघ, कुठपर्यंत जातो माणूस. रात्री फुफू खाताना मी आकोसुआला डब्याचं सांगितलं. ती कुटलेलं बोटाने सारखं करत होती. वर न बघता, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आणि तुमच्या पांढऱ्या कपड्याचं काय?" मी म्हटलं, कोणता पांढरा कपडा? ती म्हणाली, "ब्लॉक राखेत होता त्या आभाराच्या रविवारी चर्चला पांढरा कपडा नेसून गेलात आणि परत आलात ते चुलीतून उठल्यासारखे. तीन पाण्यांनी राख निघाली. मी धुतली, मला विचारता?" मी म्हटलं, सहा वर्षं बोलली नाहीस? म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली. तुम्ही अंडी खाल्लीत तेव्हा कळलं की हा माणूस बोलणार नाही." मग तिने माझ्या ताटात आणखी एक गोळा वाढला आणि उठून गेली.

तेव्हा आता लिहितो. त्या रविवारी चर्चमध्ये देणगीसाठी सगळे नाचत पुढे जात होते आणि माझ्या डोक्यात लोखंडी रॉड नाचत होते. मी मागच्या दाराने निघालो. मॅगझिनमध्ये चिटपाखरू नव्हतं. हरमॅटनचा कोरडा वारा सुटला होता, ओठ फाटत होते, सकाळ गार होती. मी पत्रा उचलला. म्हटलं फक्त बोटभर उघडू, टाक्याचा रंग बघू आणि झाकू. फावड्याने थोडी राख सारली. ब्लॉक आत अजून तापलेला होता, चेहऱ्याला झळ लागली. राखेत रंग कळेना, म्हणून मी कानस आणली आणि टाक्यावर एकदा ओढली. एकच घासा. खाली पांढरं, मऊ, चकचकीत. निकेल. तिथे माझं काम झालं होतं, याव. तिथे झाकलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. पण मनात आलं, वरचा थर निकेलचा दिला असेल आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी भरले असतील. म्हणून मी ते टोकही उघडलं. मग मधलंही. अर्धा ब्लॉक वाऱ्यावर उघडा पडला आणि मी वाकून बघत राहिलो, चोर कुठे सापडतो ते शोधत.

आणि तो वाजला. एकदाच, नखाने काचेवर मारावं तसा.

चाळीस वर्षं मी तो आवाज ओळखतो. झोपेतही ओळखेन. पण त्या क्षणी मी मान वर केली, छपराकडे बघितलं आणि स्वतःला म्हटलं, थंडीने पत्रा वाजला. भरभर राख ढकलली, वर भुसा, वर पत्रा, जसं हाताला आलं तसं. थर कुठले राहतात? चर्चमध्ये शेवटचं गाणं चालू असताना परत जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायलो. सोमवारभर मी पत्रा वाजल्याचं पाठ केलं. मंगळवारी राख निघाली तेव्हा माझं इतकं पाठ होतं की तुझ्यावर ओरडताना मला खोटं बोलतोय असं वाटलंही नाही.

म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच तुला विचारायचं ते आता विचारतो. मंगळवारी तू राख पुसून टाक्यावर अंगठा फिरवत गेलास आणि एका जागी तुझा अंगठा थांबला. मग तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस, काही बोलला नाहीस. कोंबडी राख उकरते, कानस मारत नाही. सहा वर्षं मला एकच संशय आहे, बाकीचे सगळे मी त्याच्यावर झाकण म्हणून घातले: तुला तेव्हाच सगळं कळलं होतं, आणि तरीही तू अंडी घेऊन आलास. ती खूण अजून आहे. आजूबाजूचं बीड गंजून तांबडं झालंय, पण निकेल गंजत नाही, कानशीचा तो एक घासा पोत्याखाली अजून पांढराच आहे, आणि कोणाला दिसू नये म्हणून मी त्यावर बसून राहिलो. शनिवारी भंगारवाल्याला परत पाठवीन. रविवारी ब्लॉक हातगाडीवर घालून नाना बादूंच्या अंगणात नेईन आणि पोतं काढीन. पोकुआबाईलाही निरोप धाडलाय. तिच्या लॉरीत आता कोंबड्या अंडी घालतात, तेव्हा तिला ऐकायचा हक्क आहे. अंडी आणि बाटली घेतली आहे. माझ्यापुढे कोण जाणार हा प्रश्न होता, तर आकोसुआ म्हणाली, "मी जाते, राख मीच धुतली होती." पण क्वार्तेंग म्हणेल, म्हातारा भ्रमला, लाडक्या भाच्याला दुकान मिळावं म्हणून स्वतःवर घेतोय, आणि लोक त्याचं ऐकतील, कारण मला आजवर कोणी चूक कबूल करताना बघितलेलं नाही. त्या खुणेला माझ्याशिवाय साक्षीदार एकच, तुझा अंगठा. दुकान घ्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. नको म्हणालास तरी मी काही गैर समजणार नाही. पण रविवारी ये. सगळ्यांसमोर अंगठा तिथे ठेव आणि मंगळवारी बघितलंस तसं माझ्याकडे बघ. या वेळी मी कोंबड्यांचं नाव घेणार नाही.

तुझाच,
अजेकुम मामा